भाड्याच्या वहीतला रिकामा रकाना

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझ्या काकांना जाऊन वर्ष होईल. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. गणपती, लग्नं, निवडणुकीच्या सभा, उठावने (मृत्यूनंतरच्या शोकबैठका), सगळीकडे त्यांचेच भोंगे. वर्षश्राद्ध झाल्यावर त्याच संध्याकाळी मोहल्ल्यातल्या धर्मशाळेत शंभरेक माणसं जमतील आणि पुतण्या म्हणून मी दहा मिनिटं बोलायचं, असं ठरलंय. मी इंजिनिअर माणूस, पद्धत हातात असल्याशिवाय मला काम सुचत नाही. म्हणून ॲरिस्टॉटलचे ईथॉस, पॅथॉस, लोगॉस वाचले, अथेन्सचा नेता पेरिक्लीस याचं सैनिकांच्या अंत्यविधीतलं भाषण वाचलं आणि त्या धर्तीवर मसुदा केला. तो सोबत जोडतोय. अडचण अशी, की काका भयंकर संतापी होते. घराच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, अकरा वर्षं बोलले नाहीत. शेवटपर्यंत नाहीत. वडील समोरच बसलेले असतील. खोटी स्तुती करवत नाही आणि खरं बोलवत नाही. ग्रीकांकडे याला काही तोड आहे का?

(ता. क. काकांच्या भाड्याच्या वह्या माझ्याकडे आहेत. एका पानाचा फोटो पाठवतोय. शोकसभा आणि उठावन्यांपुढे रकमेचा रकाना नेहमी रिकामा दिसतो. बहुधा पैसे घेत नसावेत. पण हे किरकोळ वाटलं म्हणून भाषणात घेतलं नाही.)

एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, मसुदा एकदाच. राग मानू नका. मसुद्याच्या तिसऱ्या ओळीत ‘त्यांच्या जाण्यानं समाजात कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे’ असं आहे. या शहरातल्या उठावन्यांमध्ये मी इतक्या पोकळ्या निर्माण होताना ऐकल्यात, की राजवाडा अजून जमिनीच्या वर कसा, याचंच नवल वाटतं. पाचव्या ओळीत पेरिक्लीस येतो, सातवीत ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’. काका कुठे आहेत? मला ते फक्त ता. क. मध्ये सापडले, तेही कंसात.

तिथे येतेच. आधी तुम्ही उघडलेलं पान बदलू या. ईथॉस, पॅथॉस, लोगॉस ही तिकडी ॲरिस्टॉटलच्या ‘ऱ्हेटोरिक’ या ग्रंथात पहिल्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात येते. बोलणाऱ्याचं शील, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मुद्द्याची मांडणी, या तीन वाटांनी समोरच्याला एखादी गोष्ट पटवता येते, असं तिथं म्हटलंय. तुम्हाला कोणाला काय पटवायचंय? पुढचं, तिसरं प्रकरण बघा. त्यात तो भाषणांचेच तीन प्रकार करतो. लोकसभेतलं भाषण पुढं काय करावं यावर असतं, कोर्टातलं मागं काय घडलं यावर आणि तिसरं असतं स्तुतीचं किंवा निंदेचं. त्याचा काळ मुख्यतः आत्ताचा. पहिल्या दोन प्रकारांत ऐकणारा निकाल देतो. तिसऱ्यात तो नुसता प्रेक्षक असतो, बोलणाऱ्याचं कसब जोखत बसलेला. धर्मशाळेतल्या सतरंजीवर बसलेले तुमचे शंभर लोक ते हेच. आणि स्तुती नेमकी कशी करायची, ते नवव्या प्रकरणात आहे. इंटरनेटवरच्या रंगीत तक्त्यांत ते नववं प्रकरण मला कधी दिसलं नाही. मी चौतीस वर्षं इथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि मीही ते निवृत्त झाल्यावरच धड वाचलं, त्यामुळं तुम्हाला बोल लावत नाही.

पेरिक्लीसलाही तुम्ही उगाच धर्मशाळेत आणलंत. तो कुठं उभा होता, ते इतिहासकार थुसिडिडीजनं फार बारकाईनं लिहून ठेवलंय. इ. स. पू. 431 चा हिवाळा, स्पार्टाशी चाललेल्या युद्धाचं पहिलं वर्ष. मेलेल्या सैनिकांच्या अस्थी तीन दिवस मंडपात ठेवलेल्या. घरचे येऊन आपापल्या माणसापुढं जे वाहायचं ते वाहून जात. मग सरूच्या लाकडाच्या दहा पेट्या गाड्यांवर निघत, दर जमातीची एक. आणि एक तिरडी रिकामीच, ज्यांचे देह सापडले नाहीत त्यांच्यासाठी. यात्रेत गावचा, परका, कोणीही चालावं. जागा होती केरामेइकोस, म्हणजे सरळ आपल्या शब्दात कुंभारवाडा. गर्दीत शक्य तितक्या लांबपर्यंत ऐकू जावं म्हणून बोलणाऱ्यासाठी उंच मंच बांधलेला असे. (तुमच्या काकांनी हे वाक्य वाचलं असतं तर दोन भोंगे कुठं बांधायचे, ते लगेच सांगितलं असतं.)

तर अशा मंचावर पेरिक्लीस चढला आणि बोलला ते बव्हंशी अथेन्सबद्दल. आपल्या कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात आख्यान असतं ना, तसं त्याच्या पूर्वरंगात नगर होतं: पूर्वज, मग राज्यपद्धती, मग आमची राहणी किती मोकळी. उत्तररंगात मृत सैनिक आले, पण सगळे मिळून. त्या अख्ख्या भाषणात एकाही मेलेल्या माणसाचं नाव नाही. शेकडो घरांचं दुःख एकाच मापात बसवायचं होतं, नाव घेऊन कसं चालेल? तुमच्याकडे माणूस एकच आहे. पेरिक्लीसचा अंगरखा तुम्ही काकांना चढवलात आणि काका त्यात दिसेनासे झाले. शंभरेक वर्षांनी, इ. स. पू. 322 मध्ये, हिपरीडीज नावाच्या वक्त्यानं मात्र ती रीत मोडली. मॅसेडोनियाशी झालेल्या युद्धात पडलेल्या लिओस्थेनीस या सेनापतीचं नाव घेऊन तो बोलला, आणि बरंच बोलला. हे भाषण कित्येक शतकं हरवलेलं होतं. इजिप्तमधल्या एका पपायरसावर सापडून 1858 मध्ये छापलं गेलं. म्हणजे नाव घेऊन बोलायलाही ग्रीक आधार आहे, हवाच असेल तर.

पेरिक्लीसकडून घ्यायची तर एकच गोष्ट घ्या, ती म्हणजे त्याची सुरुवातीची कुरकुर. या भाषणाची प्रथा ज्यानं पाडली त्याची लोक तारीफ करतात, मला ती बरी वाटत नाही, असं म्हणूनच तो सुरू करतो. माप साधणं अवघड. ज्यानं मेलेल्याला जवळून पाहिलंय त्याला वाटणार, हा कमी बोलला. ज्यानं पाहिलं नाही त्याला वाटणार, हा फुगवतोय. तुमच्या सभेत हे दोन्ही गट असतील. दुकानावर रोज संध्याकाळी बसणारे म्हातारे एकीकडे आणि काकांना फक्त ‘हॅलो, हॅलो, एक दोन तीन’ एवढ्यावरून ओळखणारी सोसायटीतली मंडळी दुसरीकडे.

आता संतापाचं. नवव्या प्रकरणात ॲरिस्टॉटलनं यावर एक युक्ती दिलीय आणि ती चांगलीच चलाख आहे. प्रत्येक दोषाशेजारी त्याच्यासारखाच दिसणारा एक गुण राहत असतो. स्तुती करताना शेजारचं दार वाजवायचं. तापट माणसाला सरळ मनाचा म्हणा. उद्धटाला भारदस्त म्हणा. उधळ्याला उदार म्हणा, आडदांडाला शूर. आपल्याकडे लग्न जमवणारे हे न शिकता करतात. ‘मुलगा जरा शांत आहे’ म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं.

तुमच्या मसुद्यात ‘काका स्पष्टवक्ते होते’ असं आहेच, म्हणजे ही युक्ती तुम्हाला न वाचताच सुचली. ती काढा. युक्ती खोटी आहे म्हणून नव्हे. ऐकणारे कोण, त्यावर ती चालते किंवा पडते. त्याच प्रकरणात ॲरिस्टॉटल सॉक्रेटिसचं म्हणणं सांगतो, की अथेन्सवाल्यांची स्तुती अथेन्सवाल्यांपुढं करणं काही अवघड नाही. तुमचं काम नेमकं उलटं. काकांची स्तुती अशा माणसापुढं करायची, जो एकाच वाड्यात राहून अकरा वर्षं त्यांच्या बंद दारासमोरून दूध आणायला गेला. त्यांच्यासमोर तुम्ही ‘स्पष्टवक्ते’ म्हणालात तर ते मान खाली घालतील आणि बाकीचे त्यांच्याकडे बघतील. ते एक वाक्य सगळं भाषण खाऊन टाकेल.

दुसरी वाट पेरिक्लीसची. तीही तपासून बघितली. मेलेल्यांत काही जण खासगी आयुष्यात वाईट वागलेले असतील, हे तो चक्क कबूल करतो. पण देशासाठी मरून त्यांनी ते पुसून टाकलं, सगळ्यांचं भलं केलं ते त्यांनी घरात केलेल्या नुकसानापेक्षा जास्त, असा हिशेब मांडतो. नगरासाठी हिशेब बरोबर असेल. पण तुमच्या बाबतीत ‘घरातलं नुकसान’ दुसऱ्या रांगेत चष्मा पुसत बसलेलं आहे. त्यांच्यासमोर जमाखर्च मांडून बाकी शून्य दाखवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

म्हणून माझं म्हणणं असं. दोष एकदाच सांगा, साध्या शब्दांत, आणि पुढं ‘पण’ लावू नका. ‘काका तापट होते. त्याची झळ आमच्या घरालाही लागली.’ पूर्णविराम. श्वास घ्या, पाणी प्या आणि पुढच्या विषयाला लागा. ‘पण’ आला की वाक्य तराजू होतं. लोक लगेच दुसऱ्या पारड्यात काय पडतंय, ते बघू लागतात. अकरा हा आकडा उच्चारू नका. वाटणी हा शब्द नको. आणि हे वाक्य बोलण्याआधी वडिलांना दाखवा. घरी, दोघंच असताना, चहाच्या वेळी. ‘बाबा, एवढं म्हणणार आहे, चालेल का?’ नको म्हणाले तर गाळा, कारण विचारू नका. तशाही परिस्थितीत खोटं बोलण्याची वेळ तुमच्यावर येत नाही, कारण तुम्हाला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल.

ती गोष्ट म्हणजे तुमची वही. फोटो मी मोठा करून बघितला. उभ्या रेघा मारलेली लांबट वही, निळी शाई, तारीख, ठिकाण, सामान, रक्कम. वरच्या ओळीत एका लग्नाचे चार भोंगे, दोन माईक, साडेतीनशे रुपये, ॲडव्हान्स शंभर, आणि बाकी अडीचशे या आकड्याभोवती लाल शाईचं वर्तुळ. एकदा नव्हे, दोनदा गिरवलेलं, कागद फाटेल इतक्या जोरानं. खालच्या ओळीत एका गणेश मंडळाकडून सात रुपये येणं आहे. सात! त्यालाही वर्तुळ. आणि त्याच्याखाली: ‘उठावना, 4 ते 5, दोन भोंगे, एक माईक.’ रकमेच्या जागी काही नाही. शून्य नाही, आडवी रेघ नाही, ‘माफ’ असा शब्दसुद्धा नाही.

सात रुपयांसाठी लाल शाई काढणारा माणूस इथं पेन उचलून पुढच्या ओळीवर गेला. मला विचाराल तर तुमचं भाषण इथं सुरू होतं आणि फार लांब जायची गरजही नाही.

ॲरिस्टॉटल इथं खरोखर उपयोगी पडतो. तो म्हणतो, स्तुती शीलाची असते, पण शील दिसतं कृतीतून, म्हणून कृती सांगा. कृती सांगताना ती त्या माणसानं ठरवून केली, हे दिसलं पाहिजे. आणि ठरवून केली हे दाखवायचा सोपा मार्ग म्हणजे ती त्यानं पुन्हा पुन्हा केली, हे दाखवणं. एका ओळीतला रिकामा रकाना विसरही असू शकतो. म्हणून मोजा. सगळ्या वह्या काढा, एका रविवारी बसा आणि उठावने किती, त्यांतले रिकामे किती, ते मोजा. इंजिनिअर आहात, ही पद्धत तुमच्या हातची. जो आकडा येईल तोच सांगा, ‘शेकडो’ म्हणू नका.

पुढं तो म्हणतो, कृती मोठी करून दाखवायची असेल तर बघा की हे करणारा तो एकटाच होता का, पहिला होता का, थोड्यांपैकी होता का, की सगळ्यांत जास्त त्यानं केलं. काकांच्या काळात राजवाडा भागात भोंगेवाले आणखी होते. ते घेत होते का भाडं? घेत असतील तर ती एक ओळ पुरे. तेही घेत नसतील, तशी रीतच असेल, तर रीत होती असं सांगा आणि काकांनी ती पाळली म्हणा. त्यानं गोष्ट लहान होत नाही. ज्या कामाचं बक्षीस पैसा नसून मान असतो, ते काम ॲरिस्टॉटलच्या लेखी सुंदर. काकांनी तर वहीत ‘माफ’ लिहून मानाचीही पावती ठेवली नाही. हे मात्र तुम्ही बोलून दाखवू नका, लोकांना आपलं आपण दिसू दे.

एक सावधगिरी. रिकामा रकाना म्हणजे कधीही न वसूल झालेली उधारीही असू शकते. शोकाच्या घरी कोण मागणार, राहिलं असेल तसंच. तुम्ही ‘बहुधा’ लिहिलंय. ‘बहुधा’च्या भरवशावर माईक हातात घेऊ नका. काकांच्या हाताखाली वायर ओढणारा एखादा पोऱ्या आज पन्नाशीचा असेल, त्याला शोधा. एखाद्या जुन्या टेंट हाउसवाल्याला विचारा. ज्यांच्याकडे तो उठावना झाला, त्या घरी फोन करा. उधारी निघाली तर मला पत्र लिहा, आपण दुसरं काही शोधू. अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या, म्हणजे चित्ररथ, चालतात त्या गर्दीत भोंगे लावणाऱ्या माणसाच्या वह्यांत सांगण्यासारखं एवढंच असेल, असं मला वाटत नाही.

वही सभेत घेऊन जा. हातात धरा, ते पान उघडा, पहिल्या रांगेत फिरवायला द्या. ज्यानं सोसलं त्याचे कपडे किंवा त्याच्या दुःखाच्या खुणा डोळ्यांसमोर आल्या की करुणा जवळ येते, असं ॲरिस्टॉटलनं दुसऱ्या भागात लिहिलंय. आपल्या बायकांना ते पुस्तकावाचून माहीत असतं; गेलेल्याचा स्वेटर वर्षभर कपाटात कोण ठेवतं? काकांचा स्वेटर म्हणजे ही वही.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे मी काय टाळायला सांगतेय, ते कळेल. काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या शोकसभेत मला बोलायचं होतं. मी नुकतंच ॲफ्थोनिअस वाचलं होतं. इसवी सनाच्या चौथ्या शतकातला हा शिक्षक. मुलांकडून स्तुतिपर निबंध लिहून घ्यायला त्यानं मथळे घालून दिले होते: आधी वंश, मग संगोपन, मग कृती, मग कोणाशी तरी तुलना, शेवटी समारोप. फारच नीटस वाटलं. मी वंशापासून सुरू केलं. घराणं कोकणातलं, होळकरांच्या काळात माळव्यात आलं, अहिल्याबाईंच्या वेळचे दाखले, पणजोबांची जहागिरी. मग संगोपन, मग छावणीतली शाळा. कृतींवर आले तेव्हा अठरा मिनिटं झाली होती, मागच्या रांगेतले लोक दुसऱ्या उठावन्याला जायचं म्हणून चपला शोधत होते, आणि माईक बंद पडला. मी तशीच दोन मिनिटं बोलले, कोणालाही ऐकू आलं नाही. निघताना त्यांच्या पत्नीनं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, ‘यांच्याबद्दलच बोलत होतात ना?’ त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

माईक आपला आपण बंद पडला की कोणी पाडला, ते मला कधी कळलं नाही. तुमचं पत्र आल्यापासून मात्र त्या दिवशी भोंगे कोणाचे होते, हा विचार डोक्यात घोळतोय.

लांबीबद्दल ग्रीकांत मला सगळ्यांत शहाणा वाटतो मेनँडर. नाटककार मेनँडर नव्हे. हा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला वक्तृत्वाचा शिक्षक. कुठल्या प्रसंगी काय बोलावं, याची त्याच्या नावावर एक पुस्तिका आहे, अगदी पुरोहिताच्या पोथीसारखी व्यवहारी. शोकाचं भाषण दीडशे ओळींच्या पुढं जाऊ देऊ नये, दुःखात असलेल्या माणसांना लांबण सहन होत नाही, असं तो लिहितो. माझं त्या दिवशी दुप्पट झालं असेल. तुम्हाला दहा मिनिटं दिलीत, तुम्ही सहाच घ्या.

याच मेनँडरनं तुमच्या दुसऱ्या शंकेचंही उत्तर देऊन ठेवलंय, जी तुम्ही विचारली नाहीत पण मसुद्यात सारखी डोकावते: वर्ष झालं, आता रडवेलं बोलावं का? तो म्हणतो, मृत्यूला सात-आठ महिने होऊन गेले असतील तर शोक आवरावा, नुसती स्तुती करावी, वाटलं तर शेवटी सांत्वनाचे चार शब्द. फक्त एक अपवाद. बोलणारा जवळचा नातेवाईक असेल तर वर्षानंतरही त्याच्या बोलण्यात दुःख असायला हरकत नाही, कारण त्याला आठवणीतून सुटका नसते. सतराशे वर्षांपूर्वीच्या एका मास्तरानं पुतण्याला दिलेली ही परवानगी समजा. आवाज कापला तर कापू दे. मसुद्यात मात्र ‘कंठ दाटून येतो’ असं लिहिलंय, ते खोडा. येईल तेव्हा येईल.

सुरुवात कुठून करायची, हेही त्याच्याकडून घेता येईल. शोकाच्या भाषणाला तो तीन काळांतून फिरवतो आणि आधी वर्तमान घेतो, कारण डोळ्यांसमोर असलेलं जास्त लागतं. मग भूतकाळ, मग जे होणार होतं आणि आता होणार नाही ते. तुमचं वर्तमान काय आहे? दुकानाचं शटर बंद आहे का? भोंगे कोणी विकत घेतले की माळ्यावर पडलेत? ॲम्प्लिफायर चालू होतो का अजून? मला माहीत नाही, तुम्ही जाऊन बघा आणि तिथून सुरू करा, दोन-तीन वाक्यांत. तिथून वहीवर या. वही हाच तुमचा भूतकाळ, जास्तीत जास्त वेळ तिथं घालवा. झळीचं ते एक वाक्य, वडिलांनी होकार दिला असेल तर, वहीच्या आधी घाला, नंतर नको. नंतर आलं तर लोक घरी तेच घेऊन जातील. जे होणार होतं आणि आता होणार नाही, त्याबद्दल मी असते तर गप्प राहिले असते. दोन भावांचं बोलणं राहून गेलं, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

शेवट करायला पेरिक्लीस पुन्हा बोलवायला हरकत नाही. त्याचं शेवटचं वाक्य अगदी कोरडं आहे: आता प्रत्येकानं आपापल्या माणसासाठी शोक करून घेतला, तर निघा. ना आत्म्यास शांती, ना पोकळी. तुम्हीही वही मिटा आणि खाली बसा. सूत्रसंचालकाला दोन मिनिटं मौन घ्यायचं असेल तर घेऊ दे.

आणि त्या संध्याकाळी माईक कोण लावतोय, हे आधी बघून ठेवा. काकांचाच चालत असेल तर तोच लावा. भाड्यानं आणावा लागला तर भाडं किती घेतलं, ते मला नक्की कळवा.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, वक्तृत्व स्पर्धेत भाग घेते. ग्रीक वक्ता डेमॉस्थेनीस तोंडात खडे धरून बोलायचा सराव करत असे, असं तिच्या सरांनी सांगितल्यापासून ती गच्चीवरचे खडे धुऊन तोंडात ठेवते. करू द्यावं का?

एक आई, देवास

उत्तर : खडे काढून घ्या, आजच. गिळला तर वक्तृत्व राहील बाजूला. गोष्ट ग्रीक चरित्रकार प्लूटार्कनं सांगितलेली आहे. खडे होते ते उच्चार साफ व्हावे म्हणून. त्याच चरित्रात प्लूटार्क हेही लिहितो, की डेमॉस्थेनीस चढावर चालता-पळता एका दमात भाषणं किंवा कवितेच्या ओळी म्हणत असे, आणि घराबाहेर पडायची लाज वाटावी म्हणून अर्धं डोकं भादरून तळघरात दोन-दोन, तीन-तीन महिने सराव करत बसे. डोकं भादरण्याचं सरांनी सांगितलं नाही, हे नशीब. चढावर म्हणण्याचा सराव मात्र चांगला आहे आणि तुमच्याकडे तर देवासची टेकडी आहे. सकाळी पायऱ्या चढताना तिला भाषण म्हणायला लावा. जिथं दम लागेल तिथं वाक्य लांब आहे, ते घरी येऊन तोडा. भाषण कोणी लिहून दिलंय, तेही एकदा बघा. आठवीतल्या मुलीला ‘अथांग’, ‘अविरत’ आणि ‘अनंत’ हे तिन्ही शब्द एकाच वाक्यात लागत नाहीत.